अँबेसेडरची मिसिंग, पीयूसीची रिजेक्ट स्लिप आणि आरसी रिन्यूअल

ज्यांच्या घरी अजून कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) जुनी गाडी आहे आणि ती सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२३ आम्ही यातच होतो. त्या वेळी मला असं कुणीतरी सगळं ओळीनं सांगितलेलं हवं होतं, ते मिळालं नाही, म्हणून आता आठवतंय तोवर सगळं टाकते, कागदपत्रांसकट.

गाडी अँबेसेडर मार्क थ्री, १९७८ ची, पेट्रोल. इंजिन १४८९ सीसीचं बीएमसी बी-सिरीज, एकच एसयू कार्ब्युरेटर, पॉइंट-कंडेन्सरवालं डेलको (डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाला, इंदूरमधे सगळे मेकॅनिक डेलकोच म्हणतात, दुकानात पण तोच शब्द वापरा). आजोबांनी घेतलेली, आता बाबांच्या नावावर. रोज नाही चालवत, पण रविवारी रामबागेतून निघून राजवाड्याला एक चक्कर आणि सणावाराला नातेवाइकांकडे, एवढं असतंच. बाबा आता ७४ चे आहेत, त्यांना स्टेअरिंगवर बसलं की बरं वाटतं, आणि खरं सांगायचं तर मला पण.

त्रास असा होता की गाडी चालताना ठीक, रेस दिली की एकदम गुळगुळीत, पण पाय काढला की इंजिन हलायला लागायचं, सायलेन्सरमधून फट-फट, गिअरचा दांडा दिसेल इतका थरथरायचा, आणि दोन-तीन मिनिटं उभी ठेवली की कधीकधी बंदच. मेकॅनिक लोक याला मिसिंग म्हणतात. हे हळूहळू वाढत गेलं. पावसाळ्यात जास्त जाणवायला लागलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की ओलाव्यामुळे असेल, थांबा. थांबलो असतो पण आरसीची तारीख होती.

आता ती तारखेची भानगड. खाजगी गाडीची आरसी पहिली १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी रिन्यू. १९७८ ची गाडी म्हणजे १९९३, १९९८ असं करत करत २०२३ ला आली, आणि आमच्या आरसीवर २१ ऑक्टोबर २०२३ होतं. अर्ज मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत करता येतो, त्याच्या आधी नाही. उशीर केला तर कारला दर महिन्याला ५०० रुपये जादा. अनेकांनी विचारलं की विंटेजमधे का नाही टाकत, तर २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणजे ५० वर्षांच्या वरची गाडी, आमची ४५ ची, म्हणजे तो रस्ता नव्हताच. साधं रिन्यूअल, त्याला फिटनेसची तपासणी, आणि त्याला चालू पीयूसी लागतं. आणि पेट्रोल गाडीचं पीयूसी बघतात ते आयडलिंगला (गाडी उभी, रेस न देता इंजिन चालू), म्हणजे आमची गाडी नेमकी जिथे आजारी होती तिथेच.

२६ ऑगस्टला, शनिवारी, बाबा आणि मी पीयूसीला गेलो. मुलाने सायलेन्सरमधे नळी घातली, कॉम्प्युटरवर आकडे आले, आणि रिजेक्ट. २०२१ पासून देशभर पीयूसीचा एकच फॉर्म झालाय आणि नापास झालं की रिजेक्ट स्लिप छापून मिळते, त्यावर आकडे असतात. ती स्लिप बाबा तिथेच टाकून देणार होते, मी ठेवून घेतली. तुम्ही पण ठेवा. आमच्या अख्ख्या निदानाची सुरुवात त्या कागदापासून झाली.

आमच्यासारख्या जुन्या गाडीला, म्हणजे भारत स्टेज टूच्या (सरकारच्या प्रदूषण नियमांचा एक टप्पा) आधीच्या पेट्रोल कारला, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्क्यांपर्यंत आणि एचसी (हायड्रोकार्बन) १५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १५००) चालतं. आमचं सीओ आलं ०.७ आणि एचसी २१८० (नवीन गाड्यांना मर्यादा खूप कडक आहे, ते आकडे बघून घाबरू नका, आपली गाडी कोणत्या ओळीत येते ते विचारा). मी त्या दिवशी रात्री बसून हे दोन आकडे म्हणजे काय ते वाचलं. सीओ वाढतं जेव्हा पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, ते वाढतं जेव्हा एखाद्या सिलिंडरमधे स्फोट नीट होतच नाही आणि पेट्रोल तसंच बाहेर पडतं. आमच्याकडे सीओ कमी होतं, अगदी आरामात पास, आणि एचसी वर. म्हणजे गाडी पेट्रोल जास्त पीत नव्हती, उलट हवा जास्त होती किंवा करंट नीट नव्हता. एवढं कळल्यावर मला पहिल्यांदा जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमधे दाखवली. त्यांनी बोनेट उघडलं, दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं कार्ब्युरेटर गेला, नवीन बसवू, सगळं मिळून साडेनऊ हजार. मी स्लिप दाखवली, त्यांनी बघितली नाही. मी म्हटलं विचार करून सांगते. माझं म्हणणं हेच आहे की मिसिंग म्हटलं की जो तो आधी कार्ब्युरेटरकडे हात नेतो, कारण तो वर असतो, दिसतो, त्याचे स्क्रू फिरवता येतात. पण कार्ब्युरेटर शेवटी. आधी टॅपेट (व्हॉल्व दाबणाऱ्या भागाचा गॅप), मग प्लग आणि पॉइंट (डेलकोतली करंट जोडणारी-तोडणारी टोकं), मग टायमिंग (ठिणगी कोणत्या क्षणी पडते ते), मग हवा कुठून घुसतेय ते, आणि हे सगळं बरोबर असल्याची खात्री झाल्यावरच कार्ब्युरेटरला हात. नाहीतर एका बिघाडावर दुसरी सेटिंग चढत जाते आणि मग मूळ काय होतं ते कुणालाच सापडत नाही.

बाबांच्या एका मित्राने छावणीकडच्या एका चाचांचं नाव सुचवलं. पूर्वी टॅक्सीच्या अँबेसेडर करायचे, आता मुलगा गॅरेज बघतो आणि चाचा फक्त मनाला येईल तेव्हा काम घेतात. फोन केला तर म्हणाले गाडी आणू नका, मीच येतो, घरी उभी थंड गाडी बघायचीय. ते ३ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी आले. मी स्लिप दिली, त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "दीदी, पेट्रोल ज्यादा नहीं है, हवा ज्यादा है." माझं वाचलेलं आणि त्यांचं चाळीस वर्षांचं एकाच जागी आलं, त्या क्षणी मी ठरवलं की काम यांच्याकडेच.

सुरुवात टॅपेटपासून. आमच्या मॅन्युअलप्रमाणे गॅप १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिमी. चाचांनी मला शिकवलेली युक्ती अशी की आठ व्हॉल्व आहेत, पुढून १ ते ८ मोजायचे, आणि बेरीज ९ आली पाहिजे. ८ नंबरचा व्हॉल्व पूर्ण दाबलेला असेल तेव्हा १ नंबरचा गॅप बघायचा, ६ दाबलेला असेल तेव्हा ३, ४ ला ५, २ ला ७, असं. कागदावर काहीच लिहून घ्यावं लागत नाही. फिलर गेज घातल्यावर ओढताना थोडं अडलं पाहिजे पण जोर लागता कामा नये, ते बोटांना एकदा कळलं की कळलं. आमचे दोन टाइट निघाले. टाइट व्हॉल्व आवाज करत नाही म्हणून लक्षात येत नाही, आणि तो नीट बसत नसेल तर आयडलिंग कधीच सुधारत नाही. गाडी टक-टक करते म्हणून लोक टॅपेट आवळून घेतात, हे करू नका.

मग पॉइंट. जुन्यांना एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडलेला होता. चाचांनी सांगितलं की असा खड्डा म्हणजे कंडेन्सरवर पण संशय घ्यायचा, म्हणून दोन्ही बदलले. गॅप १४ ते १६ थाऊच्या मधे. मग डेलकोची मधली शाफ्ट दोन बोटांत धरून आडवी हलवून बघितली, कारण ती हलत असेल तर पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो आणि कितीही सेट करा, टिकत नाही. आमची ठीक होती. कॅपच्या आतून काळी रेघ आहे का तेही बघायचं, बारीक केसाएवढी असते, करंट तिथून पळतो, पावसाळ्यात तर नक्कीच. नव्हती. टायमिंग चाचांनी साध्या बल्बने लावलं, टायमिंग लाइट त्यांच्याकडे नव्हता, मला त्यात काही कमी वाटलं नाही.

पार्ट्ससाठी जवाहर मार्गावर गेले होते. पॉइंट, कंडेन्सर, चार प्लग, रोटर आणि फ्युएल फिल्टर मिळून १,४६० रुपये. इथे एक गोष्ट सांगते, बाहेरचे लोक म्हणतात तुमच्या पीथमपूरला तर हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना होता, तुम्हाला काय कमी. तिथे इसुझूची इंजिनं बनायची, नंतरच्या अँबेसेडरमधे बसणारी. आमच्या जुन्या बीएमसी इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही, आणि गाड्या बनायच्या त्या उत्तरपाड्याला, बंगालमधे, तेही २०१४ ला बंद झालं. दुकानात "अँबेसेडर" एवढंच सांगितलं तर इसुझूचा माल हातात ठेवतात, म्हणून १४८९ पेट्रोल असं स्पष्ट सांगा आणि जुना पार्ट बरोबर न्या.

एवढं झाल्यावर गाडी सुरू केली. फरक होता, बंद पडणं थांबलं, पण थरथर होतीच. मला वाईट वाटलं, बाबांना जास्त. चाचांनी काही म्हटलं नाही, गाडी गरम झाल्यावर बंद केली आणि चारही प्लग काढून ओळीत बोनेटच्या कडेवर ठेवले. तुमच्याकडे वेळ असेल तर ही गोष्ट स्वतः करा, काही खर्च नाही. आधी काढलेले जुने प्लग पण त्याच क्रमाने ठेवलेले होते. तीन आणि चार नंबरचे प्लग बिस्किटासारख्या फिकट तपकिरी रंगाचे, म्हणजे निरोगी. एक आणि दोन नंबरचे पांढरे, जवळजवळ खडूसारखे कोरडे. पांढरा म्हणजे हवा जास्त. चारही पांढरे असते तर कार्ब्युरेटरच कमी पेट्रोल देतोय म्हणता आलं असतं. दोनच पांढरे, आणि तेही शेजारचे.

मग चाचांनी इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघितली, इन्सुलेशनवाल्या पकडीने आणि कोरड्या फडक्याने, कारण झटका चांगलाच बसतो. तीन किंवा चारची वायर काढली की इंजिन एकदम बसायचं, म्हणजे ते सिलिंडर काम करत होते. एक किंवा दोनची काढली तर फारसा फरकच नाही.

याचं कारण मला त्यांनी इंजिनच्या डाव्या बाजूला नेऊन दाखवलं. या इंजिनात चार सिलिंडरला मिश्रण आत जायला चार तोंडं नाहीत, दोनच आहेत. एक आणि दोन नंबरचं मिळून एक, तीन आणि चारचं मिळून दुसरं. कार्ब्युरेटर एकच आणि तो दोन्ही तोंडांना सारखंच देतो. म्हणजे फक्त एक आणि दोनमधे हवा जास्त असेल तर कार्ब्युरेटरच्या पुढे, त्या पहिल्या तोंडापाशी, कुठून तरी बाहेरची हवा आत ओढली जातेय. त्यात कार्ब्युरेटर नवीन बसवला असता तरी काहीच झालं नसतं, आणि मिश्रण जाड केलं असतं तर एक-दोन जरा सुधारले असते पण तीन-चार काळे पडले असते. साडेनऊ हजारांचं उत्तर मला तिथे मिळालं.

आणि रेस दिल्यावर गाडी गुळगुळीत का व्हायची त्याचं पण. आयडलिंगला कार्ब्युरेटरचा पडदा जवळजवळ बंद असतो, इंजिन फार थोडी हवा घेतं आणि आत ओढ खूप असते, त्यामुळे बारीक फटीतून आलेली हवा पण एकूण हिशोबात मोठी ठरते. रेस दिली की कार्ब्युरेटरमधूनच इतकी हवा येते की ती फट कुणाच्या लक्षात येत नाही.

फट शोधायला कार्ब क्लीनरचा स्प्रे वापरला. आयडलिंगला ठेवून मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या फाटे असलेल्या नळीच्या) जोडावर थोडा थोडा फवारायचा, जिथे फवारल्यावर इंजिनचा आवाज बदलतो तिथे फट. पण हे जपून, कारण या इंजिनात इनटेक (मिश्रण आत नेणारी नळी) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारी) एकाच बाजूला आहेत, वर फवारलेलं खाली लालबुंद गरम एक्झॉस्टवर पडू शकतं. आम्ही इंजिन नुकतंच सुरू केलेलं असताना, एक्झॉस्ट तापायच्या आधी, उघड्या अंगणात, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवून केलं, आणि अगदी एक-एक फुस. पेट्रोल ओतून बघणारे पण आहेत, ते कृपा करून करू नका. पुढच्या तोंडाच्या खालच्या कडेला फवारल्याबरोबर इंजिन एकदम सावरलं, दोन सेकंद छान चाललं आणि परत थरथरायला लागलं. बाबा व्हरांड्यातून ओरडले, "हाच आवाज होता आधी!" कार्ब्युरेटरच्या स्पिंडलपाशी पण फवारून बघितलं, तिथे अगदी किंचित फरक पडला, त्याबद्दल पुढे सांगते.

मॅनिफोल्ड काढायचं काम चाचांनी पुढच्या आठवड्यावर टाकलं, आधी नटांवर रोज संध्याकाळी डब्ल्यूडी-४० मारायला सांगितलं. ते काम माझं. ऑफिसमधून आले की आधी ते. जुने नट घाई केली की स्टडच (नट ज्यावर बसतो तो आटे असलेला दांडा) तुटतो आणि मग हेड काढायची वेळ येते, त्यामुळे हे चार-पाच दिवस वाया गेले असं अजिबात समजू नका. १० सप्टेंबरला सगळे नट अख्खे निघाले.

आणि खरा घोटाळा तेव्हा दिसला. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच पॅकिंगवर (जोडातली गॅस्केट), एकाच स्टडच्या रांगेवर बसतात. मधल्या स्टडना जाड मोठे वॉशर असतात, ते अर्धे इनटेकच्या कानावर (वॉशर टेकायचा बाहेर आलेला भाग) आणि अर्धे एक्झॉस्टच्या कानावर टेकतात, एक नट दोघांना दाबतो. आमचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही वर्षांपूर्वी तडकल्यामुळे दुसऱ्या गाडीचा आणून बसवलेला. व्हर्नियरने मोजलं तर त्याचे कान इनटेकच्या कानांपेक्षा पाऊण मिलिमीटर जाड. म्हणजे नट कितीही आवळा, वॉशर आधी जाड कानावर टेकतो, तिरका होतो, आणि इनटेक तिथे दाबलाच जात नाही. वॉशरवर त्याची खूण स्पष्ट होती, अर्धा भाग घासून चकचकीत आणि अर्धा जसाच्या तसा गंजलेला. पॅकिंगवर पण पुढच्या तोंडाच्या खाली काजळीची रेघ नव्हती, तर धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा होता जिथून हवा जायची. नुसती पॅकिंग बदलली असती तर महिन्याभरात परत हेच झालं असतं.

मग सांवेर रोडच्या एका वर्कशॉपमधे दोन्ही मॅनिफोल्ड दिले. काम असं की एक्झॉस्टचे कान मागून उतरवून इनटेकच्या जाडीला आणायचे आणि दोन्हींची हेडला टेकणारी तोंडं फेस मारून सपाट करायची. हे कागदावर चित्र काढून, माप लिहून द्या, नुसतं "फेसिंग कर दो" म्हटलं तर ते तोंड सपाट करून देतील आणि जाडीचा फरक तसाच राहील. १,१०० रुपये ठरले. पण दिवस बघा, १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, मशीनं बंद, १९ ला गणपती बसले, मग अर्धे कारागीर झांक्यांच्या (मिरवणुकीतल्या चित्ररथांच्या) कामात. इंदूरमधे अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात, रात्रभर शहर रस्त्यावर असतं, त्याच्या आधीच्या आठवड्यात वेल्डिंग-कटिंगवाल्याकडून काही वेळेवर मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. त्या दिवसांत मला खूप टेन्शन आलं होतं. घरी गणपती, अंगणात बोनेट उघडी गाडी आणि कॅलेंडरवर २१ ऑक्टोबर. आरतीला आलेले सगळे काका-मावश्या गाडीबद्दल विचारायच्या आणि बाबा दर वेळी तितक्याच उत्साहाने वॉशर दाखवायचे.

पॅकिंग इंदूरमधे मिळालं ते पातळ पुठ्ठ्यासारखं होतं, चाचांनी हातात घेऊन परत दिलं. कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून मागवलं, दिल्लीच्या काश्मीरी गेटलाही मिळतं. ३२० रुपये आणि कुरियर १५०, सहा दिवस लागले. एकाच्या ऐवजी दोन मागवा, कुरियर तेवढंच पडतं.

मॅनिफोल्ड २९ सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी हातात आले आणि १ ऑक्टोबरच्या रविवारी बसवले. आधी पॅकिंगशिवाय नुसते स्टडवर चढवून, वॉशर लावून, दोन्ही कानांवर सारखे बसतात का ते टॉर्चने बघितलं. मग पॅकिंग, नवे नट, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला जात थोडे थोडे आवळले, एकदम एकच नट पूर्ण आवळायचा नाही.

आता कार्ब्युरेटरची पाळी, शेवटी. स्पिंडल, म्हणजे ज्या दांडीवर पडदा फिरतो ती, किंचित हलते. चाचांचं मत होतं की बुश टाकून घेतलेलं बरं, पण त्याने आत्ता अडत नाही, उन्हाळ्यात करू. वरची डबी काढून आतला पिस्टन (इंजिनचा नाही, कार्ब्युरेटरचा) पुसला, तो सोडल्यावर मऊ ठक आवाज करत खाली पडला पाहिजे, अडकता कामा नये. डबीत वरून तेल टाकतात, आमच्यात ते पूर्ण सुकलं होतं. मिश्रण बघायची पद्धत मला फार आवडली. गाडी गरम करून, आयडलिंगला, पिस्टन पातळ स्क्रू ड्रायव्हरने एखादा मिलिमीटर, त्याहून कमीच, उचलायचा. इंजिनचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. वेग पडला, बंद पडायला आलं तर पेट्रोल कमी. क्षणभर अगदी थोडा वाढून परत जागेवर आला तर बरोबर. खालचा जेटचा (पेट्रोल येतं त्या नळीचा) नट सहा बाजूंचा असतो, एका वेळी एकच बाजू फिरवायची, थोडी रेस द्यायची, परत बघायचं. खाली आणला की पेट्रोल वाढतं, वर नेला की कमी होतं. आमच्याकडे दोन बाजू खाली आणाव्या लागल्या. मग आयडलिंगचा स्क्रू हळूहळू कमी केला आणि गाडी उभी राहिली, शांत, गिअरच्या दांड्यावर ठेवलेलं एक रुपयाचं नाणं पडलं नाही. बाबांनी ते नाणं तिथे ठेवलं होतं. चाचा हात पुसत म्हणाले बस, अब मत छेड़ना. मला रडू आलं थोडं, ते मी लपवलं नाही.

चाचांनी सगळ्याचे मिळून २,५०० घेतले, मी जास्त द्यायला गेले तर नको म्हणाले, गणपतीचा प्रसाद घेतला.

२ ला गांधी जयंती, ३ ऑक्टोबरला पीयूसी. जायच्या आधी गाडी अर्धा तास चालवून पूर्ण गरम केली, थंड गाडी नेऊ नका, चोक लागलेला असताना तर नाहीच. सीओ २.१, एचसी ४३०. पास. सीओ आधीपेक्षा वाढलं हे बघून बाबा दचकले, पण ते ३ च्या आत आहे आणि जादा हवा बंद झाली, जेट दोन बाजू खाली आणला म्हणूनच तसं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर, फॉर्म २५, फी तेव्हा, २०२३ ला, ५,००० रुपये होती (२०२२ च्या एप्रिलपासून १५ वर्षांवरच्या कारला एवढी झाली होती, आधीच्या रिन्यूअलला आम्ही सहाशे दिलेले बाबांच्या फाइलमधे आहेत). इन्शुरन्स चालू लागतो, १००० ते १५०० सीसीला थर्ड पार्टी तेव्हा ३,४१६ अधिक जीएसटी होता. सगळ्यात जास्त वेळ गेला तो मोबाइल नंबरमधे. ओटीपी आरसीशी जोडलेल्या नंबरवर येतो आणि आमच्या आरसीला कुठलाच नंबर जोडलेला नव्हता, तो आधी अपडेट करावा लागला. हे काम गाडी दुरुस्त होत असताना करून ठेवा, त्याला पीयूसीची वाट बघायची गरज नाही. चेसिस नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा काढावा लागतो, त्याआधी ती जागा रॉकेलने साफ करा, आमचा नंबर रंगाच्या थराखाली होता आणि ठसा उठायलाच तयार नव्हता.

९ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, मला भीती होती की आता स्टाफ इलेक्शनच्या कामात जाईल, पण १२ ची अपॉइंटमेंट कायम राहिली. नायता मुंडल्याच्या आरटीओत सकाळी लवकर पोचलो. चेसिस आणि इंजिन नंबर जुळवले, लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हँडब्रेक बघितला, फोटो काढले. बाबांची सही लागते, ते स्वतः बरोबर असले तर बरं. इन्स्पेक्टरनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, ऐकलं आणि विचारलं ही कोणाकडून करून घेतली. आरसी पोर्टलवर त्याच आठवड्यात २०२८ पर्यंत अपडेट झाली, कार्ड नंतर आलं.

एकूण खर्च गाडीवर साडेपाच हजारांच्या थोडा वर, स्प्रे वगैरे धरून, आणि सरकारी फी-इन्शुरन्स वेगळा. नवीन पॅकिंग बसवल्यावर एक-दोनदा गाडी पूर्ण तापून थंड झाली की नट परत एकदा बघायचे असतात, पॅकिंग दबतं आणि नट ढिले होतात. आमचे दोन नट पाव-पाव फेरा फिरले. इंजिन थंड असताना करा, आणि मधून बाहेर, त्याच क्रमाने.